अंगणवाडी : मुलाला घर वाटेल अशी जागा

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी सज्जनहो, या महिन्याच्या अभ्यासाला एकच शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'अंगण'. पोथीतला नाही, अवघडही नाही. पण ज्या गावात बसून हा पाठ लिहितो आहे, त्या कोलशेतात हा शब्द आता जपून ठेवण्याची वेळ आली आहे. ठाण्याच्या खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. पुढे कोलशेत रोडला कारखाने आले. कारखाने गेले, त्या जागी वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माणसे पुष्कळ झाली, घरे पुष्कळ झाली, अंगण मात्र उरले नाही. आईबाप दोघेही सकाळच्या लोकलने जातात आणि दिवे लागल्यावर परततात. मधल्या वेळात मूल असते कोठे? कोणापाशी?

म्हणून ठिकठिकाणी मुलांचे वर्ग निघाले आहेत. कोठे बालसंस्कार, कोठे हरिपाठाचा वर्ग, कोठे मृदंग-टाळाची शिकवणी, कोठे अंगणवाडी. फार चांगली गोष्ट आहे. पण वर्ग काढणे वेगळे आणि त्या वर्गात मुलाला घरासारखे वाटणे वेगळे. काही ठिकाणी मूल पळत येते, काही ठिकाणी त्याला ओढत आणावे लागते. असे का होते, याचा विचार करू.

शब्दाचा अर्थ

आधी 'गृह' शब्द पाहा. आपले व्याकरणकार तो 'ग्रह्' धातूपासून लावतात. ग्रह् म्हणजे घेणे, धरणे. जे घेते, सामावून घेते, ते गृह. बघा हं, यात भिंतीचे नाव नाही, छपराचे नाव नाही. घेणे हेच घराचे लक्षण. संगमरवरी दिवाणखाना असला आणि त्यात मूल सामावत नसेल, तर ती इमारत झाली, गृह झाले नाही.

आता 'अंगण'. हा शब्द 'अंग्' या गत्यर्थक धातूचा. जेथे हालचाल होते, चालणे-फिरणे होते, ते अंगण. अमरकोशात पुरवर्गात अंगण, चत्वर आणि अजिर हे शब्द एकाच अर्थाने शेजारी शेजारी बसवले आहेत. यातला चत्वर शब्द मोठा गमतीचा. त्याचा एक अर्थ घरापुढचे अंगण, आणि दुसरा अर्थ चार वाटा मिळतात ती जागा, म्हणजे आपला चव्हाटा. घराचा शेवट आणि जगाची सुरुवात ज्या एका ठिकाणी होते ते अंगण, असे जणू तो शब्दच सांगतो. रांगणारे मूल उंबरा ओलांडून पहिल्यांदा तेथे येते. पायाखाली परकी माती, पण कानावर आईच्या बांगड्यांचा आवाज. मुलांच्या वर्गाचे सगळे मर्म यातच आहे. मुलाने जगात पाऊल टाकावे, पण आपण घरातच आहोत हा भरवसा त्याला असावा.

एक परदेशी दाखला

इटलीत रोम शहरात, सान लोरेन्झो नावाच्या गरीब मजुरांच्या वस्तीत, ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया मॉन्टेसरी या बाईंनी एका चाळवजा इमारतीत लहान मुलांसाठी एक जागा सुरू केली. तिला पाठशाळा म्हटले नाही. नाव दिले 'मुलांचे घर'. ही जागा मिळाली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यात धुडगूस घालीत, भिंती रेघोट्यांनी भरीत. इमारतीच्या व्यवस्थापकांना काळजी भिंतींची होती. भिंती वाचाव्यात म्हणून मुलांना एका खोलीत बसवायचे ठरले आणि मॉन्टेसरीबाईंना बोलावले. हेतू भिंतीचा, पण बाईंनी पाहिले मुलाकडे. त्याच्या उंचीची टेबले, त्याच्या हातात मावतील अशी साधने, त्याचे त्याने उचलावे-ठेवावे अशी मांडणी. खोली तीच, पण ती मुलाच्या मापाची झाली आणि घर झाली.

आपल्याकडच्या सोसायट्यांत आज पाट्या वाचतो : जिन्यात खेळू नये, वाहनतळात खेळू नये, हिरवळीवर पाय ठेवू नये. भिंती वाचतात हो, पण मुलाने पाय ठेवावा तरी कोठे?

बोर्डीचे अंगण

आता आपल्याच मुलखात या. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला. या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. गुजराथेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. १९२३ पासून ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९३६ साली दादरला ताराबाईंनी शिशुविहार काढला. शहरात सगळे नीट चालले होते. तरी हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला मिळेना, ही टोचणी त्यांना होती. म्हणून त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

त्यांना साथ मिळाली अनुताई वाघांची. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. ज्या काळात अशा मुलीचे आयुष्य माजघराच्या अंधारात संपायचे, त्या काळात अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची भेट झाल्यावर त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. स्वतःचे घर बालपणीच मोडलेल्या या बाईने पुढे हजारो मुलांना घर दिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी उघडली ती मुले येईनात. गरीब वस्तीतले, दलित वाड्यातले मूल गावातल्या बालवाडीपर्यंत पोहोचत नव्हते. अंतर पावलांचे थोडे, मनाचे फार. अंगावर कपडा नाही, केस विंचरलेले नाहीत, आणि 'तेथे आपले कोण आहे?' हा प्रश्न. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, 'लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.' ताराबाई तसे म्हणाल्या नाहीत. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीत गेल्या, मुलाच्या घरापुढच्या अंगणात बसल्या आणि तेथेच वर्ग भरवला. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज देशभर बोलला जाणारा हा शब्द असा आपल्या मराठी अंगणातून निघाला आहे.

महागडी साधने तेथे कोठून येणार? शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती, बांबू ही साधने झाली. मुलाला आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे हाही अभ्यासक्रमच झाला. घरी आई जे करते तेच, फक्त आईला वेळ नव्हता म्हणून कोणीतरी केले.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली आदिवासींत गेले. तेथे अडचण निराळी. मुले गुरांमागे रानात. मग शिक्षक कुरणात गेले, गुरे चरत असताना शिकवले. ती कुरणशाळा. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. तिला नाव दिले विकासवाडी. कडेवरचे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. भावंडे तुटली नाहीत आणि शिक्षणही सुरू झाले. 'आधी भावाला घरी ठेवून ये' असे त्या थोरलीला कोणी सांगितले नाही. तिच्या कडेसकट तिला आत घेतले. गृह शब्दाचा अर्थ आपण वर पाहिला, तो येथे प्रत्यक्ष दिसतो.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, १९९२ साली त्या गेल्या. या दोघींच्या मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीचे शिक्षण एकाच ठिकाणी, सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी. सेविका आणि मदतनीस शक्यतो त्याच वस्तीतल्या बायका असाव्यात, हाही संकेत बोर्डीचाच विचार सांगतो. ओळखीचे तोंड दारात असले की मूल रडत नाही.

आपल्या परंपरेतला दाखला

हे सारे आपल्याला नवे आहे काय? नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरीत दामाशेटींच्या घरी आली. काम दासीचे, दळण-कांडण, शेण-गोवऱ्या. पण त्या घराने तिला असे घेतले की ती आपल्या अभंगांत आपली ओळख नामदेवांच्या नावाने देते. ज्या घराचे नाव माणूस आपण होऊन लावतो, ते त्याचे घर. रक्ताची अट तेथे नाही.

सप्ताहाच्या शेवटी काला होतो. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे. मग कोणाचे काय हे कळेनासे झाले. काला म्हणजे मुलांचा कार्यक्रमच की! आणि त्या कार्यक्रमात देवाने यजमानपण घेतले नाही, तो खेळगडी झाला. काल्याचे कीर्तन करतो तेव्हा माझ्या ध्यानात नेहमी एक गोष्ट येते : ज्याच्या शिदोरीत काहीच नव्हते, त्यालाही घास मिळाला, आणि 'तू काय आणलेस?' हे कोणी विचारले नाही.

वारीत पाहा. दिंडीतले मूल दमले की ज्या राहुटीत झोपेल तेथे झोपते. कोणीतरी अंगावर घोंगडी टाकते. सकाळी त्याला माउली म्हणून हाक मारतात. आठ वर्षांच्या पोराच्या पाया सत्तर वर्षांचा वारकरी पडतो. ज्या मुलाला मोठ्या माणसाने एकदा असा मान दिला, ते मूल ती दिंडी विसरत नाही.

घर वाटण्याची सहा लक्षणे

आता प्रत्यक्ष आचरणाचे बोलू. मुलांचा वर्ग चालवणाऱ्यांनी पुढील सहा गोष्टींवर आपला वर्ग तपासावा.

पहिले लक्षण, हाक. घरात मुलाला क्रमांकाने बोलावत नाहीत. वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारता आली पाहिजे. ती येत नसेल तर मुले फार झाली आहेत, दोन वर्ग करावेत.

दुसरे, नेम. घर उद्या जागेवर असेल ही मुलाची खात्री असते. वर्गाची वेळ, जागा आणि शिकवणारे माणूस वारंवार बदलू नये. महिन्यातून एक थाटाचा कार्यक्रम करण्यापेक्षा रोज अर्धा तास साधा वर्ग भरवणे अधिक उपयोगाचे. आपण एकादशीचा नेम सांभाळतो, तसाच हा सांभाळावा.

तिसरे, काम. पाहुण्याला आपण काम सांगत नाही, घरच्याला सांगतो. ज्या वर्गात मूल नुसते बसून राहते तेथे ते पाहुणे आहे. सतरंजी घालणे, टाळ मोजून पिशवीत ठेवणे, पाण्याचा तांब्या भरणे, प्रसाद वाटणे ही कामे मुलांनाच द्यावीत. काम मिळाले की मूल म्हणते, 'आमचा वर्ग'.

चौथे, पंक्ती. जुन्या काळी पाठशाळेतले विद्यार्थी वाराने जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणत्या घरी आपल्याला आतल्या पंक्तीत बसवले आणि कोणत्या घरी ओटीवर ताट दिले, हे त्या मुलाला जन्मभर आठवे. खाऊ काय होता ते विसरले जाते. म्हणून खाऊ साधा असला तरी चालेल, शेंगदाणे-गूळ चालेल, पण सर्वांना एकच आणि एकाच पंक्तीत.

पाचवे, भाषा. कोलशेतात आता आगरी बोलणारे मूल आहे, घाटावरून आलेल्याचे मूल आहे, उत्तरेकडून बांधकामावर आलेल्या मजुराचे हिंदी बोलणारे मूल आहे. मुलाच्या बोलीला हसले की त्याचे दार बंद झाले. आधी त्याची बोली आपण ऐकावी, मग आपली त्याला द्यावी. अभंग पाठ होतात हो, त्यांना घाई नाही.

सहावे आणि मुख्य लक्षण, गैरहजेरी. घरात एक ताट कमी झाले तर आई विचारते, 'अजून आला कसा नाही?' वर्गात मूल दोन दिवस आले नाही आणि कोणी त्याच्या दारी गेले नाही, तर तो वर्ग घर नव्हे. हजेरीपुस्तकात फुली मारणे हे कचेरीचे काम, चौकशीला जाणे हे घराचे. पुष्कळदा त्या चौकशीतच आजार कळतो, बापाची नोकरी गेलेली कळते.

एक सावधगिरी

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. घरासारखे वाटावे म्हणजे वाटेल तसे चालावे असे नव्हे. मूल आपल्या स्वाधीन केलेले असते, ती ठेव आहे. वर्गात नेहमी किमान दोन मोठी माणसे असावीत, त्यात एक बाई असावी. दार उघडे असावे. आईबापांना केव्हाही येऊन बसता यावे. वर्ग सुटल्यावर मूल ओळखीच्या माणसाच्याच हाती द्यावे. महाराज म्हणा, गुरुजी म्हणा, कोणीही असो, या नियमाला कोणी अपवाद नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. अशी गोष्ट कळूनही न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो वर्गात भिंतीवर लिहून ठेवावा आणि मुलांकडून पाठ करून घ्यावा. मुलाने घाबरून काही सांगितले तर 'असे बोलू नये' म्हणू नये, ऐकून घ्यावे. ज्याच्यापाशी भीती बोलून दाखवता येते तेच आपले माणूस.

शंका-समाधान

कोणी म्हणेल, 'मुलाला घर आहेच, मग हे दुसरे घर कशाला?' उत्तर असे की अंगण घराच्या विरुद्ध नसते, ते घराचाच पुढचा भाग असते. वर्गाने आईबापांची जागा घेऊ नये. त्यांच्या हातून जो वेळ निसटतो तेवढा सांभाळावा.

दुसरा म्हणेल, 'इतके लाड केले तर शिस्त कशी राहील?' अहो, घरात शिस्त नसते काय? आईसुद्धा रागावते. फरक एवढाच की आई रागावली तरी रात्री जेवायला हाक मारते. वर्गात मूल चुकले तर जरूर सांगावे, पण 'उद्यापासून येऊ नकोस' हे वाक्य उच्चारू नये. मुलाला चुकीनंतर परत येता आले पाहिजे.

तिसरी शंका मात्र कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. 'इमारतीच्या सभागृहातल्या वर्गात गावठाणातली मुले, कामवाल्या बाईची मुले, बांधकामावरच्या मजुरांची मुले घ्यायची काय?' सज्जनहो, या प्रश्नाचे उत्तर पंढरीत एकदा मिळाले आहे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले, आणि दार उघडले. ज्या देवापुढे आपण सगळे समान उभे राहतो, त्याचे नाव घेणाऱ्या वर्गाच्या दारात चौकीदाराने मुलाचे कपडे पाहून त्याला अडवावे, हे आपल्याला शोभणार नाही. आणि अडवले नाही तरी ते मूल आपण होऊन येणारही नाही, हे बोर्डीने दाखवले आहे. त्याला आणायला जावे लागेल. आठवड्यातून दोन दिवस वर्ग सभागृहात आणि दोन दिवस गावठाणाच्या देवळापुढे किंवा मजुरांच्या झोपड्यांपाशी भरवावा. सभागृहातली मुले तिकडे जातील, तिकडची मुले इकडे येतील. चार महिन्यांत कोण कोठले हे मुलेच विसरतील. विसरायला अडचण असते ती मोठ्या माणसांना.

मननासाठी

आपल्या गावी किंवा वस्तीत मुलांचा वर्ग चालत असेल, तर येत्या एकादशीपूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे वर्ग चालवणाऱ्यांनी एकत्र बसून काढावीत.

१. वर्गातल्या किती मुलांची घरे आपण आतून पाहिली आहेत?

२. गेल्या महिन्यात कोणते मूल यायचे थांबले, आणि का?

३. मुलांच्या हाती वर्गातली कोणती कामे आहेत?

४. वर्गाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर राहणारे, पण वर्गात न येणारे मूल कोणते?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली तरी चालतील. चौथ्याचे उत्तर वहीत लिहून भागत नाही. त्या मुलाच्या दारी जावे, त्याचे नाव विचारावे, आणि त्याच्या कडेवर धाकटे भावंड असेल तर त्यालाही बरोबर घेऊन यावे.

॥ रामकृष्णहरि ॥